बाबांच्या वाटचं जेवण

बल्लारशा स्टेशनसमोरच्या हॉटेलात बाबांनी दोन प्लेट आलूबोंडा मागवला आणि मला म्हणाले, "रस्सा दाबून खाय माय, तिकडं हे भेटन का नाई भेटन." सिकंदराबादची गाडी यायला अवकाश होता. आई स्टेशनवर आलीच नव्हती. "मले लोकाईसमोर रडाले नाई जमत," असं म्हणून तिनं आलापल्लीच्या घरात दार लावून रडून घेतलं होतं आणि मग कोरड्या चेहऱ्यानं लोणच्याची बरणी माझ्या हातात दिली होती.

बाबांची काळी-पिवळी जीप बाहेर उभी होती. आलापल्ली ते बल्लारशा ही त्यांची रोजची लाईन, पण त्या दिवशी त्यांनी एकही सवारी घेतली नाही. आष्टीच्या फाट्यावर ओळखीच्या बायांनी हात दाखवला तर त्यांनी गाडी हळू केली, खिडकीतून ओरडून सांगितलं, "आज गाडी बुक आहे!" आणि पुढे निघाले. बुक म्हणजे मी, माझी बॅग आणि एक गुंडाळलेली गादी.

माझा आलूबोंडा संपला तरी बाबांची प्लेट तशीच. त्यांनी रश्श्यात कुस्करून कुस्करून त्याचं पिठलं करून टाकलं होतं. चमच्यानं दोन घोट घेतले आणि प्लेट माझ्याकडे सरकवली. मुलगी परगावी चालली म्हणून बापाला घास उतरत नाही, असं मला वाटलं. रडू आलं आणि खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं. गाडी आली, त्यांनी बॅग चढवली, खिडकीपाशी उभे राहिले. बाकीच्यांचे बाप पोचल्याचा फोन कर म्हणतात. माझे बाबा म्हणाले, "कुठी काय खाल्ली ते सांगत राय."

हे मी आलापल्लीत राहिलेल्यांसाठी लिहितेय, आणि हैदराबाद, पुणे, नागपूर असं पोट नेईल तिथं गेलेल्यांसाठीही. बाबांना तुमच्यातले पुष्कळ जण ओळखत होते. पण त्यांच्यासोबत हॉटेलात बसून जेवलेले थोडे, आणि ज्यांनी ते केलं नाही त्यांनी बाबांना पुरतं पाहिलं नाही.

बाबा खाणारे होते. हावरट नव्हे, खाणारे. लाईनवरचं प्रत्येक हॉटेल त्यांना तोंडपाठ. गोंडपिपरीला भजी कोणाकडची, वैनगंगेच्या पुलाजवळ मासे कोणत्या ढाब्यावर, चंद्रपूरला गेलं तर सांबारवडी कुठली. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मला हैदराबादेत सतरा वेळा समजावून सांगावं लागलं. शाळेला सुट्टी असली की बाबा मला पुढच्या सीटवर घ्यायचे आणि वाटेत कुठे ना कुठे उतरवून खाऊ घालायचे. त्यांचा एकच नियम होता: "ज्या हाटेलाचा मालक सोता तिथीच जेवते, तिथी डोळे मिटून जेवावं." म्हणून आम्ही आधी मालकाचा डबा शोधायचो. गल्ल्याजवळ घरचा डबा दिसला की बाबा चहासुद्धा न घेता उठायचे. आईला हे सगळं अजिबात मान्य नव्हतं. ती म्हणायची, "हाटेलात भूक नाई जात, नुसती जीभ जाते." ती कधी म्हणजे कधी आमच्यासोबत हॉटेलात बसली नाही.

आणि खर्रा. बाहेरच्यांसाठी सांगते. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोट-घोट घोटायचा, आणि गालात धरून ठेवायचा. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत तो नुसतं व्यसन नाही, शिष्टाचार आहे. पाहुणा आला, पुडी पुढे केली. भांडण मिटलं, पुडी पुढे केली. ड्रायव्हर माणसाला तर तो डिझेलसारखा लागतो. बाबांच्या खिशात पैसे नसतील, पुडी असायची.

खर्ऱ्यानं गाल आतून आवळत जातात. आधी तिखट लागायला लागतं, मग जांभई अर्ध्यातच थांबते, मग पेरू दातानं तोडता येत नाही. दुसऱ्या कुठल्या मुलखात असं झालं असतं तर माणूस डॉक्टरकडे पळाला असता. आमच्याकडे त्याला वय म्हणतात. चाळिशी-पंचेचाळिशीचा माणूस "आता तिखट जमत नाई बाप्पा" म्हणतो आणि चार जण माना डोलावतात, केस पिकल्यावर डोलावतात तशा. बाबांनी घरी तिखट सोडलं तेव्हा आईला राग आला होता. "हाटेलचं तिखट चालते, माह्याच हातचं लागते!" त्यांनी हॉटेलातलंही सोडलं होतं, हे तिला कोण सांगणार?

हैदराबादेत मी एका औषध कंपनीत लागले आणि वरंगळच्या लावण्यासोबत खोली घेतली. पहिल्याच रविवारी ती मला आंध्रा मेसमध्ये घेऊन गेली. केळीच्या पानावर गरम भात, वर पप्पू म्हणजे वरण, कोरडी तिखट पूड आणि तूप. आणि पानाच्या कोपऱ्यात हिरवट काळी, आंबट चटणी. एक बोट चाटलं आणि मला हसूच फुटलं. अंबाडी! आपली परसातली अंबाडी, जी पाहुणे आले की आई लपवायची, ती इथे गोंगुरा नाव घेऊन थाटात बसली होती. संध्याकाळी बाबांचा फोन आला. सिरोंच्याच्या सवाऱ्यांकडून शिकलेली तेलुगू पाजळत त्यांनी विचारलं, "अन्नम तिन्नावा?" जेवलीस का. मी अंबाडीचं सांगितलं तर म्हणाले, "पाह्य, गावातून गेल्यावर सगळ्याईचंच नाव बदलते." मग लगेच पुढचा प्रश्न: भात मोकळा होता का चिकट, वाढणारा विचारून वाढत होता का न विचारता?

असं सुरू झालं. मी बाहेर जेवायचे आणि बाबांना सांगायचे. इराण्याच्या हॉटेलातला चहा, ज्यात चहापेक्षा दूधच बोलतं. बिर्याणी, जिच्यातला खालचा भात वरच्यापेक्षा हुशार असतो. ऑफिसनं एकदा मोठ्या रेस्टॉरंटात नेलं, तिथं मी पहिल्यांदा पास्ता खाल्ला. "पांढऱ्या रश्श्यात उकडलेल्या जाड शेवया, ना मीठ ना मिरची," असा मी अहवाल दिला. बाबा म्हणाले, "मंग ते बिमाराचं जेवण झालं. ऑफिसवाल्याइले बरं नाई का?" एका हायवेवरच्या हॉटेलात बांबूत भाजलेलं चिकन मिळालं. वेटरनं बांबू आमच्यासमोर सुरीनं उघडला आणि सगळ्यांनी फोन काढून व्हिडिओ घेतले. जंगलात जन्मलेले बाबा हे ऐकून इतके हसले की त्यांना खोकला लागला. "बांबूचा व्हिडिओ! माय वो! ये इकडं, तुले अख्ख्या जंगलाचा काढून देतो."

मी फार नाजूक जिभेची वगैरे नाही. पण त्या फोनमुळे मी लक्ष देऊन जेवायला शिकले. घास तोंडात असतानाच मनात वाक्य तयार व्हायचं. बाबांना काय सांगायचं, ते काय विचारतील, कुठे हसतील. लावण्या म्हणायची, "तू खाती नहीं, तू इंटरव्ह्यू लेती है." गावाकडून निघताना मला वाटलं होतं की मी बाबांना मागे सोडून चालले आहे. प्रत्यक्षात हैदराबादच्या एकाही टेबलावर मी एकटी बसले नाही.

एकदा फोन आईनं उचलला. आई कधी स्वतःहून बोलायची नाही, त्या दिवशी बोलली. "त्याइच्या तोंडात दोन बोटं बी जात नाई आता. भात बी पेज करून पितेत. तुले सांगू नको म्हणतेत." मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, "तू गेली त्याच्या आंधीपासून." मी फोन धरून जिन्यात बसले. बल्लारशाच्या हॉटेलातली ती कुस्करलेली प्लेट मला वर्षभरानं कळली.

बाबांना हैदराबादला बोलावून घेतलं. डॉक्टरांनी गालाच्या आत टॉर्च मारून पाहिलं, तुकडा तपासायला घेतला, रिपोर्टला दिवस लागतील म्हणाले. दवाखान्यातून बाहेर पडल्याबरोबर बाबा म्हणाले, "चाल, तुह्या एखाद्या हाटेलात ने मले." मी म्हटलं, बाबा, तुम्ही काय खाणार? "मी पाहतो. तू खाय."

रमजान नुकताच सरला होता, त्याचे खास पदार्थ काही हॉटेलांत अजून मिळत होते. माझ्या डोक्यात हलीम आलं. गहू, डाळ आणि मटण तासन्‌तास घोटून केलेलं, चावायची गरजच नाही. मला वाटलं, या अख्ख्या शहरात एक पदार्थ खास बाबांसाठी बनतो आणि मला इतके दिवस सुचलं नाही. टेबलावर वाटी आली, वर तळलेला कांदा, तूप, लिंबू. बाबांनी कांदा बाजूला सारला, अर्धा चमचा कसाबसा ओठांतून आत ढकलला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मिरी आणि हिरवी मिरची आतल्या जखमेला झोंबली असणार. त्यांनी मला हात दाखवला, थांब. आणि दुसरा चमचा घेतला. मी वाटी ओढून घेतली तेव्हा आमच्यात जवळजवळ भांडणच झालं. वयस्क वेटर धावत आला. "साब, खाने में कुछ खराबी?" बाबा रुमालानं डोळे पुसत म्हणाले, "खाना एकदम बढिया है. मूं खराब है."

त्या वेटरनं बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. मला म्हणाला, "बेटी, कल सुबह बारकस ले जाओ. वहाँ मीठा हरीस मिलता है. मिर्ची नहीं, मसाला नहीं."

बारकस म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाची वस्ती. सकाळी दोन रिक्षा बदलून गेलो. तिथल्या छोट्या दुकानात गहू-मटणाचं तसंच घोटलेलं पांढरंशुभ्र हरीस, वर साखर आणि तूप. मटणावर साखर! माझी जीभ गोंधळलीच. बाबांनी एक चमचा घेतला, थांबले. दुसरा घेतला. मग बोलणं नाही, पाहणं नाही, नुसतं हळूहळू, चिंचोळ्या फटीतून चमचा आडवा करत अख्खी वाटी संपवली. बोटानं कड पुसली. गल्ल्यावरचा मालक एका बाजूला बसून तेच खात होता. बाबांनी मला कोपरानं ढोसलं, तिकडे पाहायला लावलं. "सोता खाऊन राह्यला," ते म्हणाले. मी त्यांना इतकं खूश त्याच्या आधी फार वेळा पाहिलं होतं, पण त्यानंतर नाही. त्या सकाळी मला खरोखर वाटलं की रिपोर्ट चांगला येईल. खाऊ शकणारा माणूस मरत नाही, असं काहीतरी माझ्या मनानं धरलं होतं.

रिपोर्ट वाईट आला.

ऑपरेशन नागपूरला झालं. त्याआधी घरी होते तोवर आईनं बारकसचं हरीस फोनवर माझ्याकडून समजून घेतलं. जन्मभर हॉटेलला नावं ठेवलेल्या आईनं गहू भिजवले, कांडले, कोंबडीसोबत शिजवून घोटले, साखर घातली. "हाटेलसारखं झालं का, इचार त्याइले," ती मला फोनवर म्हणाली, जणू बाबा तिच्यासमोर बसलेच नव्हते. त्यांनी मागून ओरडून सांगितलं, "त्याच्याहून भारी!" मी त्यांचा तेवढा मोठा आवाज शेवटचा ऐकला.

ऑपरेशनमध्ये जबड्याचा एक भाग गेला, जिभेचाही. नाकातून नळी. तिच्यातून आई पातळ पेज सोडायची. बोलणं गेलं, चव गेली, आणि मला वाटलं आता आपले फोनही गेले. ज्याला पाण्याचा घोट घेता येत नाही त्याला बिर्याणीचं काय सांगायचं? मी आठवडाभर फक्त तब्येत विचारली. मग आईच म्हणाली, "तू काऊन सांगून नाई राह्यली? फोन येते तवा उठून बसतेत. तू दवाईचं इचारते का मंग लेटतेत."

मी म्हटलं, "आई, त्यांना त्रास नाही होणार?"

"होते का नाई मले मालूम नाई. पण वाट पाहतेत."

मग मी पुन्हा बाहेर जेवायला लागले. आधी आवडीनं जेवायचे, आता कामाला गेल्यासारखी. भूक नसली तरी जायचे. आई फोन स्पीकरवर ठेवायची आणि मी एकटीच बोलायचे. डोसा कसा पानाएवढा पातळ होता, सांबारात शेवग्याची शेंग होती. दहीभातावर मोहरीची फोडणी कशी चरचरत होती. पलीकडून नुसता श्वास. कधी चुकून एखादी गोष्ट गाळली तर आई म्हणायची, "हात हालवून राह्यले. कांदा दिलन का, इचारतेत वाटते." मी सांगायचे, दिला, गोल कापलेला, लिंबू पण. फोन ठेवल्यावर रस्त्यात उभी राहून रडायचे. मला कळत नव्हतं की मी माझ्या बापाला जेवू घालतेय की त्याच्यासमोर ताट दाखवून काढून घेतेय. ते आजही कळलेलं नाही.

ते गेले तेव्हा दुपार होती आणि मी ऑफिसजवळच्या मेसमध्ये होते. पानावर नुकता भात वाढला होता. आईनं फोनवर एवढंच म्हटलं, "आता नको सांगू." मी पान तसंच ठेवून उठले. वाढणारा मागून हाक मारत राहिला.

मंचेरियाल, सिरोंचा करत घरी पोचले. आमच्यात दिवसकार्याऐवजी जलदान करतात, त्या दिवशी बुद्धवंदना झाली, गावजेवण झालं. मांडवात बाबांच्या लाईनचे सगळे ड्रायव्हर बसले होते आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात पन्नी घोटली जात होती. ज्या वस्तूनं माणूस नेला तीच वस्तू त्याच्या मांडवात एकमेकांना देत, त्याच्याबद्दल हळहळत होते. मला ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात बाबांचा जुना दोस्त, त्यांच्या मागची गाडी चालवणारा शेख चाचा, हुंदके देत फोटोपाशी आला. फुलं ठेवली, आणि फुलांच्या शेजारी एक खर्ऱ्याची पुडी ठेवली. "त्याच्या पसंतीची आहे, बाई," तो आईला म्हणाला. त्याचंही तोंड नीट उघडत नव्हतं.

आईनं त्याच्यासाठी पाणी आणलं. तो गेल्यावर तिनं पुडी उचलली, अंगणापलीकडे जाऊन खड्डा केला आणि पुरली. उकिरड्यावर टाकली असती तर कोणीतरी उचलून खाल्ली असती, म्हणून. चाचाचा मला संताप आला होता, आणि त्याच्याइतकं मनापासून त्या दिवशी कोणी रडलंही नव्हतं.

आता मी हैदराबादेत आहे. हॉटेलं आहेतच, रोज नवीन उघडतात. मी जाते, जेवते, बिल देते. पदार्थ चांगले असतात बहुतेक. पण वाक्यं तयार होत नाहीत. परवा कोणीतरी विचारलं, काल कुठे जेवलीस, कसं होतं? मला आठवेना. भाजी होती, एवढंच आठवलं. तुमच्यापैकी जे बाहेर आहेत त्यांना ठाऊक असेल, परक्या गावात आपण ज्याच्यासाठी सगळं पाहत असतो तो माणूस गेला की गाव पुन्हा परकं होतं. मला तर दोन्ही गावं परकी झाली.

गेल्या महिन्यात घरी गेले. शहरातल्या एकाच चवीच्या भाज्यांना कंटाळले होते, आईच्या हातच्या झणझणीत रश्श्याची आस लागली होती. ताट वाढलं. भात मऊ गिचका शिजवलेला, वर पातळ वरण, वांग्याची भाजी उकडून घोटलेली. हळद-मीठ, बाकी काही नाही. आई स्वतः तेच जेवत होती. शेजारच्या काकू दारातूनच सांगून गेल्या, तुझी आई वर्षभर असंच खाते, मिरचीचा डबा रिकामाच झाला तो भरलाच नाही. मी आईला म्हटलं, "परसात मिरच्या लागल्या आहेत. मी आणते, ठेचा करू."

"नको वो," आई भात कालवता कालवता सहज बोलून गेली, "तोंडाले लागन."

आणि थांबली. घरात आम्ही दोघीच होतो. माझं तोंड चांगलं होतं, तिचंही. ज्यांच्या तोंडाला लागलं असतं त्यांना जाऊन किती तरी दिवस झाले होते. आई माझ्याकडे बघेना, मी तिच्याकडे बघेना. मग तिनं हात पुढे केला आणि माझ्या ताटातला भात बोटांनी आणखी मऊ करायला लागली, जणू लहान लेकराला भरवायचा आहे. मी करू दिलं.

लोक विचारतात, आता घर कुठलं म्हणायचं तुझं? आलापल्लीच सांगते. तिथं अजून कोणी मिरची घालत नाही. मी तो भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला, आणि आईनं विचारलं नाही तरी तिला सांगितलं, चांगला झाला होता.